टाकीतले तांबडे धागे

१९ जुलै १९८६, पांढुर्णा

मासोळ्या पोचल्या — पाचही जिवंत! रजनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती अशी : एका हातात पर्स, दुसऱ्या हातात दुधाची कॅन, आणि कॅनमध्ये सोनेरी मासोळ्या. मागून जावई हेमंतराव, काचेची टाकी पोटाशी धरून. नागपूरहून इथपर्यंत बसमध्ये उभ्याने. कंडक्टरने मासोळ्यांचं तिकीट मागितलं म्हणे. हेमंतराव म्हणाले, "पोटातल्याचं मागत नाही, मग कॅनमधल्यांचं काऊन मागता?"

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. कॅनमध्ये डोकावल्या. "काय वं पोरी, बाळंतपणाले आली का बाजार करून आली?" मग स्वतःच इतक्या हसल्या की तुकडा ओवाळायचाच राहिला.

ह्यांनी जावयाला चहाच्या आधी नवा संडास दाखवला. बादलीने पाणी ओतून दाखवलं! गेल्या दिवाळीत हेमंतराव उघड्यावर जायला लाजून आमच्याकडे दोन दिवस पोट धरून बसले होते, ते ह्यांच्या मनाला लागलं होतं. मोतीराम मिस्त्रीने पावसाच्या तोंडावर काम पुरं केलं. परसात दुसरी जागाच नव्हती, म्हणून खड्डा विहिरीपलीकडे.

टाकी मधल्या खोलीत खिडकीखाली मांडली. तळाला रजनीने आणलेली रेती, वर आमच्या विहिरीचं पाणी. घरात काहीतरी हलतं आहे असं वाटतं. बरं वाटतं.

२४ जुलै

हेमंतराव कालच गेले. रजनी दिवसभर टाकीसमोर. पाय सुजतात. सासूबाई तेल चोळून देतात आणि मासोळ्यांना नावं ठेवतात — नावं ठेवतात म्हणजे खरोखरच ठेवतात. सगळ्यात लठ्ठ मासोळीला माझंच नाव दिलं आहे, "नलिनी". माझ्यासमोर!

३० जुलै

"आई, रेतीला केस उगवले!"

रजनी हाक मारून राहिली होती, मी पीठ मळत होते. तसेच हात घेऊन गेले. खरंच केस. तांबडे, धाग्यासारखे, नखाएवढ्या उंचीचे. रेतीतून वर आलेले आणि सगळे एकाच लयीत झुलत होते. मी काचेला बोट लावलं मात्र, एका क्षणात सगळे रेतीत गुडूप. थोड्या वेळाने एकेक पुन्हा वर.

"तू बी.एस्सी. ना? प्राणिशास्त्र ना? सांग मग हे काय आहे."

ह्यांचं वाचायचं भिंग आणलं. संध्याकाळची पोळी उशिरा झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोणी शास्त्रातलं काही विचारलं, आणि मी दोन तास गुडघे टेकून बसले. किती आनंद झाला, लिहायची लाज वाटते.

कॉलेजात आमच्या बाई म्हणायच्या, "दिसलं तेवढंच लिहा. वाटलं ते लिहू नका. ओळख पटल्याशिवाय नाव उच्चारू नका." ते मी आयुष्यभर पाळलं. किड्यांच्या बाबतीतही आणि माणसांच्याही.

१ ऑगस्ट

काय नाही ते आधी ठरवायचं. डासाच्या अळ्या नाहीत — त्या श्वासाला वर येतात, हे तळ सोडत नाहीत. चिलटाची तांबडी अळी असते, तीही नाही. तिला डोकं दिसतं, पायाचे खुंट दिसतात. याला डोकं कोणतं तेच कळत नाही. चपटे नाहीत. जंत म्हणावेत, तर जंत असं एक टोक रोवून झुलत नाहीत.

मग नाव आठवलं. ट्युबिफेक्स! गांडुळाच्या गणगोतातला. बावीस वर्षं कुठे दडून बसलं होतं! हसू आलं. आणि पाठोपाठ त्याच्यापुढचं वाक्य आठवलं, परीक्षेत लिहिलेलं — मैल्याच्या पाण्यातल्या गाळात विपुल सापडतो.

हसू गेलं.

परसात जाऊन उभी राहिले. विहीर आणि नव्या संडासाचा खड्डा. मधे तुळशीवृंदावन मावेल एवढी जागा. पाऊस पडतच होता.

रजनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, मासोळ्यांना नागपुरात काय खायला घालायचीस? "जिवंत किडे मिळतात गं दुकानात. वाटीत देतो. निघायच्या दिवशीही टाकले होते." म्हणजे तिथूनच आले! किती हलकं वाटलं.

रात्री विचार करते आहे — हलकं वाटलं ते खरं आहे म्हणून, की सोयीचं आहे म्हणून?

४ ऑगस्ट

सौंसरला जाऊन आले. कॉलेजातले वसंत देवतळे तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणि सात-आठ किडे.

बसमध्ये शेजारी एक म्हातारी, मोहगावला उतरणारी. "काय हाय वं बाई बाटलीत?"

"किडे."

"कोणाचे?"

"घरचे."

"पोरीचे का? वावडिंग दे न तिले, सकाळी उपाशीपोटी."

"पोटातले नाहीत हो. पाण्यातले आहेत."

"मंग सौंसरले काऊन नेऊन राहिली? तिकडं का कमी हायत?" अर्धी बस हसली. मीही हसले. शेवटचं हसणं तेच असेल आजचं.

देवतळ्यांनी काचपट्टीवर घेऊन पाहिलं, मग मला बघायला दिलं. अंगभर कडी. प्रत्येक कड्यावर काटेरी केसांचे झुबके. आतून तांबडं रक्त पुढे ढकललं जाताना दिसत होतं. इतकं सुंदर! ते म्हणाले, "ट्युबिफेक्स, नाहीतर त्याचा चुलतभाऊ. जात पक्की सांगायची तर वयात आलेला किडा लागतो नलिनीबाई, हे कच्चे आहेत. मासोळीवाल्याकडून आले असतील. ते लोक नालीतूनच काढतात."

"आणि विहिरीतून आले असतील तर?"

"विहीर कोणाची?"

"आहे एकीची."

"तिला म्हणा, पाणी पिऊ नका. किडा कोणाचं काही करत नाही. पण त्याला जो मैला आवडतो, तो करतो."

"आहे एकीची" म्हणाले. इतक्या सहज खोटं बोलता येतं मला?

५ ऑगस्ट

रजनीचं पिण्याचं पाणी आजपासून उकळते आहे. पितळी पातेल्यात, खळखळून, वर ताट झाकून. सासूबाईंनी विचारलं, "घरच्या विहिरीले काय झालं?"

"काही नाही आत्याबाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, पोटुशीला उकळून द्या."

हे दुसरं खोटं. खरं सांगायला काय हरकत होती? एक — ओळख पक्की नाही. देवतळ्यांनीही पक्की सांगितली नाही. दोन — खड्डा ह्यांनी किती हौसेने केला आहे. खात्री नसताना "तुमच्या खड्ड्याने विहीर नासली" असं कसं म्हणू? तीन — नागपूरला रजनीच्या सासरी कळलं तर ते तिला परत नेतील, आणि माझ्या घरचं पाणी वाईट ठरेल.

तीन कारणं लिहिली. पहिलंच लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं.

आम्ही बाकीचे विहिरीचंच पितो. आम्हाला सवय आहे.

८ ऑगस्ट

प्रयोग मांडला. दुपारी सगळे झोपल्यावर तांब्याला दगड बांधून विहिरीत सोडला, तळाचा गाळ खरवडून काढला. तो एका बरणीत. दुसऱ्या बरणीत टाकीतली रेती, उकळून गार केलेल्या पाण्यात. दोन्ही जिन्याखाली, मिरच्यांच्या पोत्यामागे. विहिरीच्या गाळात किडे निघाले तर मग बोलायचं. नाही निघाले तर विषय संपला.

चोरासारखी झाले आहे स्वतःच्या घरात.

१४ ऑगस्ट

निघाले. विहिरीच्या गाळात. शेपट्या झुलवत.

बरणी हातात घेऊन जिन्याखाली बसून राहिले. आता बोलायचं. उठले. हे ओसरीवर आडतीच्या माणसांशी संत्र्यांचं बोलत होते. थांबले. आणि मी थांबले तशी आठवण झाली — आल्या दिवशी रजनीने नागपूरची रेती धुतली कुठे? विहिरीच्या काठावर! पाणी फटीतून परत विहिरीत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे विहिरीतले किडेही नागपूरचेच असू शकतात. मग खड्ड्याचा काय दोष? प्रयोगच नासला.

बोलले नाही.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. ह्यांच्या हस्ते बक्षीस वाटप. माझं लक्ष नव्हतं.

१७ ऑगस्ट

रजनी म्हणाली, "आई, तू हल्ली माझ्याकडे परीक्षा तपासल्यासारखी बघतेस."

२१ ऑगस्ट

सगळे झोपल्यावर लिहिते आहे.

विहिरीचा नवा गाळ घेऊन पुन्हा सौंसरला निघाले होते. दुपारची बस हुकली, परत आले. स्वयंपाकघरात सासूबाई. उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यावरचं ताट बाजूला ठेवलेलं, आणि त्या तांब्याने त्यात पाणी ओतत होत्या. विहिरीचं. नुकतं ओढलेलं, तांब्याला बाहेरून घाम आला होता.

"आत्याबाई, काय करता?"

"विसण घालून राहिली. पोरगी तहानेली हाय, अन् तू तं आधणच ठेवून गेली."

"कधीपासून घालता?"

"रोजच घालतो. ऊन पाणी कोण पेते बाप्पा?"

रोज! मी रोज उकळत होते आणि त्या रोज विसण घालत होत्या. आंघोळीच्या पाण्यात साठ वर्षं विसण घालणारा हात. त्या हाताला कोणी सांगितलं होतं का, की हे पाणी का उकळलं आहे? मी सांगितलं नव्हतं. गरम का ते त्यांना माहीत नव्हतं. पोरीचं तोंड भाजू नये एवढंच माहीत होतं.

हे सगळं आत्ता लिहिते आहे. तेव्हा काय बोलले? तेव्हा मी किंचाळले, "मारायला निघालात तिला! पणतवंड बघायचं नाही का तुम्हाला?" त्यांच्या हातातला तांब्या पडला. रजनी दारात. हे ओसरीवरून धावत आले.

मग सगळं सांगितलं. किडे, नाली, खड्डा, बरणी. सगळं एका दमात. ह्यांचा चेहरा पडत गेला. मला वाटलं खड्ड्यावरून चिडतील. खड्ड्याबद्दल एक शब्द नाही. एवढंच, "किती दिवसांपासून मालूम हाय तुले?"

"मालूम नव्हतं. शंका होती. खात्री नव्हती."

"खात्री! घरात साप निघाला तं तू त्याची जात पाहून मंग ओरडशील का, नलिनी?"

सासूबाई खाली वाकल्या. तांब्या उचलला, घासला, जागेवर ठेवला.

२२ ऑगस्ट

विहिरीवर टिनाचे पत्रे टाकले. नव्या संडासाला कुलूप. आता देवळाजवळच्या हापशीवरून पाणी, तेही उकळून, आणि मीच गार करते, पातेल्याजवळ बसून. शेजारचे भैय्याजी भेटले हापशीवर. "काय वहिनी, विहीर घरात अन् रांग हापशीवर? संत्रेवाल्याची बायको, मोठं मन दाखवून राहिली का आमच्यासंगं?" मी "हो जी" म्हणाले.

डॉक्टरीणबाईंकडे रजनीला नेलं. या वेळी खरोखर विचारलं. त्या म्हणाल्या, "काळजी काविळीची. लागण झाली असेल तर दिसायला महिना, कधी त्याहून जास्त. आता काही करता येत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पाहत जा, रोज, उन्हात. लघवीचा रंग पाहा. जेवण जातं का पाहा. पोटुशीला, त्यातून शेवटच्या महिन्यांत..." पुढचं वाक्य त्यांनी रजनीकडे बघून गिळलं. मला ते पाठ आहे.

२३ ऑगस्ट

डोळे पांढरे.

२४ ऑगस्ट

पांढरे. बहुतेक. सकाळी ढग होते.

२६ ऑगस्ट

रजनी आता स्वतःच खिडकीत येऊन पापणी खाली ओढून उभी राहते. "बघा बाई, आज कोणता रंग?" हसते. मला ते हसू सहन होत नाही. तिला माहीत आहे की नाही, हे मी विचारत नाही.

हिला काही झालं तर ते किड्यांनी नाही, खड्ड्याने नाही, विसणानेही नाही. माझ्या गप्प बसण्याने. मी याला सचोटी समजत आले. तोंड उघडून चुकण्यापेक्षा तोंड मिटून बरोबर राहणं मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे — हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहूनही ते सचोटीसारखंच दिसतं आहे. किती चिवट आहे हा दोष!

२८ ऑगस्ट

सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझं चुकलं. माफी मागायची आहे. पण नेमकी कशाची? बोलले त्याची, की सांगितलं नाही त्याची? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी ठरवायला हवं. रजनी सुखरूप सुटली की मग मागेन, तेव्हा दोघींनाही जड जाणार नाही.

३१ ऑगस्ट

टाकी रिकामी केली. रेती गावाबाहेर फेकली. मासोळ्या भात शिजवायच्या जुन्या गंजात. आजीने ठेवलेल्या नावाने रजनी लठ्ठ मासोळीला हाक मारते, "नलिनी, खाऊन घे गं." आजी ऐकायला येत नाही.

२ सप्टेंबर

सासूबाई मागच्या खोलीत झोपायला गेल्या, जिथे संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या ठेवतो तिथे. अंधारी, खिडकी एकच, तीही बंद. म्हटलं, आत्याबाई तिथे कशाला? "मले बरं वाटते तिथं. पोरीले मोकळं राहू दे." मला टोमणा कळला.

रजनीचे डोळे पांढरे.

५ सप्टेंबर

आज गोटमार. सकाळपासून नदीकडून गलका, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे दगड. ह्यांनी दुकान बंद ठेवलं, तेही तिकडेच. रजनीला खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. आज तिला काही झालं तर डॉक्टर मिळायचे नाहीत, सगळे फुटकी डोकी शिवत असतील. सावरगावकडे पूलही बंद. दिवसभर याच विचारात.

सासूबाई दरवर्षी पहाटे चंडीमातेची ओटी भरायला जातात. त्यांचं कधी चुकलं नाही. सासरे गेले त्या वर्षीसुद्धा गेल्या होत्या. या वर्षी गेल्या नाहीत. ओटीचं सामान काढून माझ्यापुढे ठेवलं. "तूच जाय." मी कशी जाणार रजनीला सोडून? भैय्याजींच्या बायकोबरोबर पाठवलं. देवीवरही राग का!

८ सप्टेंबर

रजनी आज नीट जेवली नाही. अर्धी पोळी. मी तिच्या ताटाकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, गणपतीचे मोदक खाल्ले चोरून. चार. बास?" मी रडले. तिला वाटलं मोदकांसाठी.

सासूबाईंचंही जेवण पुष्कळ कमी झालं आहे. फोडणीचा वास नको म्हणतात. मी केलेलंच नको, असं सरळ का म्हणत नाहीत?

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. या घरात मी आल्यापासून हा स्वयंपाक सासूबाई कोणाला करू देत नाहीत. पुरणाला हात लावायचीसुद्धा मला परवानगी नव्हती. आज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या बाहेर बसून होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. "तूच कर सगळं. मी नाही शिवत." सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं एकटीने केलं. आंबील फाटली. त्या पाहत होत्या. नैवेद्यापुढेही दुरूनच हात जोडले.

आणखी एक. त्यांनी स्वतःचं ताट, तांब्या, फुलपात्र वेगळं काढलं आहे. आपण घासतात, आपल्या खोलीत नेऊन ठेवतात. माझ्या हातचं पाणी नको! तीस जणांच्या पंगतीत सगळ्यांना दिसलं. ह्यांना म्हटलं, आईंना जरा समजवा. हे म्हणाले, "तू जे बोलली ते मी ऐकलं होतं. मी काय समजावू?"

रजनीचे डोळे पांढरे. पण उजव्या कोपऱ्यात जरा पिवळसर वाटलं. तिला दोनदा उन्हात उभं केलं. कधी वाटतं आहे, कधी नाही. दिसलं ते लिहू की वाटलं ते?

१२ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. "काही नाही. तुम्ही झोपा थोडं."

१६ सप्टेंबर

दिवस भरले. हेमंतराव आले आहेत. त्यांना सगळं सांगितलं, आपणहून, आल्याबरोबर, दारातच. ते आत जाऊन टाकीच्या रिकाम्या जागेपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या पोटाचं तुम्ही सगळ्यांनी फारच मनावर घेतलं, मामी." चिडले असते तर बरं झालं असतं.

हेमंतराव आजीला भेटायला गेले तर त्यांनी आतूनच सांगितलं, "झोपून राहिली मी, जावईबापू." भर दुपारी. जावयाचाही मान नाही ठेवला.

मी त्यांच्याशी बोलायला हवं आहे. आज दारापर्यंत गेले होते. आत अंधार. खोकला ऐकू आला. परत फिरले. रजनी सुटू दे, एवढंच म्हटलं मनात. एकदा सुटू दे.

१९ सप्टेंबर

कळा. दवाखान्यात. हे, हेमंतराव बाहेर बाकावर. मी आत. निघताना सासूबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या, पदर ओढून. रजनीने वाकून पाया पडायचं म्हटलं. त्या दोन पावलं मागे सरल्या. "राहू दे, राहू दे! जाय तू. सुटून ये." नातीलाही पायाला शिवू दिलं नाही. इतका राग!

२० सप्टेंबर

मुलगी. पहाटे. रडली!

रजनी ठीक. रक्त बेताचं. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, "काविळीचं नाव नाही. डोळे बघा, कापसासारखे." मी बाळाचेही डोळे पाहायला गेले तर तिने उघडलेच नाहीत.

बाकावर बसून हे रडत होते. माझ्या खांद्याला हात लावला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी निरोप सांगायला हेच गेले. सासूबाईंनी काय म्हटलं विचारलं. "काही नाही. दार लोटून घेतलं अन् आतून म्हणे, गूळ वाट."

उद्या-परवा रजनीला घरी नेलं की आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं. दोन्हीची माफी मागायची, बोलले त्याचीही आणि बोलले नाही त्याचीही. आता काही ठरवायचं राहिलेलं नाही.

२२ सप्टेंबर

बाळ घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेले. आत्याबाई, पणती आली तुमची. "दुरूनच दाखव. मह्याजवळ नको देऊ." अजूनही! मला राहवलं नाही, एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने खिडकी उघडली. उजेड खाटेवर. त्यांनी चेहरा पदराने झाकला. हात कोपरापर्यंत पिवळे.

"रजनी सुटली न धड? काही नाही न तिले?"

"नाही."

"लेकराले?"

"नाही."

मग पदर त्यांनीच काढला. "मंग आता पाह्य माहे डोये."